माझ्या उंचीची गाडी

माझी उंची चार फूट अकरा इंच. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्यातून आलं आहे. संगमनेरच्या एका रुग्णालयात मी ऑपरेशन थिएटरची इन्चार्ज सिस्टर आहे. टेबलापाशी माझ्यासाठी एक लोखंडी पायरी ठेवलेली असते. मी तिच्यावर उभी राहते आणि काम सुरू होतं. नवीन डॉक्टर पहिल्या दिवशी त्या पायरीकडे बघून हसतात आणि दुसऱ्या दिवसापासून ती जागेवर नसली तर स्वतः शोधून आणतात. उंचीचं मला कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटतं ते एका मोटरसायकलचं, ती निवडायला मी जो वेळ लावला त्याचं.

दादा, माझा मोठा भाऊ, जामखेडला असतो. भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार म्हणून त्याने सगळी नोकरी काढली. दुसऱ्यांच्या शेतांच्या हद्दी मोजायच्या, दोन भावांच्या मध्ये दगड रोवायचा, दोघांच्याही शिव्या खायच्या आणि पुढच्या गावाला निघायचं. तो वडिलांवर, आण्णांवर गेला, सहा फुटांना जरा कमी. मी आईवर. गल्लीतले लोक म्हणायचे, सगळं कापड एकाच्याच अंगरख्याला गेलं, दुसरीला चिंध्या उरल्या. दादा मला अजून ‘बारके’ म्हणतो. माझी मुलगी नोकरीला लागली, माझे केस पिकले, तरी मी बारकीच.

लहानपणापासून मी त्याच्या मागे बसत आले. आधी सायकलच्या कॅरिअरवर, मग त्याच्या पहिल्या मोटरसायकलवर. मुलं मार्गी लागल्यावर त्याने लांबच्या प्रवासाची एक मोठी गाडी घेतली आणि रविवारी जामखेडहून निघून जेवायच्या वेळेला संगमनेरला हजर होऊ लागला. अशाच एका बुद्धपौर्णिमेला खीर खाता खाता तो म्हणाला, “बारके, कोकणात जायचं. अलिबागपासनं मालवणपातुर, समुद्र उजव्या हाताला धरून. खाड्या आल्या की गाड्या फेरीबोटीत चढवायच्या. आपन दोघंच.”

“मागे बसून माझी कंबर जाईल.”

“मागं कोन बसा म्हनतंय? दोन गाड्या. तुझी तू चालवायची.”

“माझी स्कूटर आहे ना.”

“स्कूटर भाजी आनायला. लांबच्या रस्त्याची गाडी घे. तुझ्या मापाची बघ.”

माझे यजमान म्हणाले, घरात कार आहे. ते बरोबरच होतं, पण दादा कारबद्दल बोलत नव्हता. आणि मला त्या दुपारी कळलं की इतकी वर्षं मला हेच हवं होतं. त्याच्या पाठीमागून नव्हे, त्याच्या बरोबरीने, माझ्या हातातल्या हँडलने एक लांबचा रस्ता. मी हो म्हणाले. त्याच रात्री एक कोरा कागद घेतला आणि रकाने आखले.

मला कामाची हीच पद्धत माहीत आहे. थिएटरमध्ये पोट शिवण्याआधी कापसाचा प्रत्येक बोळा मोजून जुळला पाहिजे; नाही जुळला तर सर्जन कितीही चिडले तरी टाका पडत नाही. हीच शिस्त मी गाडीला लावली. जी गाडी मला हवी होती तिला दुकानातली पोरं ‘स्पोर्ट टूरिंग’ म्हणतात. म्हणजे रेसच्या गाडीची चपळाई, पण बैठक अशी की दिवसभर चालवली तरी मान आणि मनगटं धडधाकट राहावीत. पुढे वारा अडवायला काच, मागे सामानाला जागा. अशा गाड्या बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर माझ्यासारखं माणूस नसतं. म्हणून माझे रकाने असे होते: आसनाची उंची, पेट्रोल भरून वजन, हँडलपर्यंत हात पोचतो का, बसल्या जागेवरून साइड स्टँड पायाने ओढता येतो का, आसन पुढच्या बाजूला निमुळतं आहे का. हे शेवटचं बहुतेकांना सुचत नाही. आसन कमी उंचीचं असलं तरी रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि पाय आखूड पडतात.

सगळ्यांच्या वर मी एक अट लिहिली, दोन्ही पाय पूर्ण टेकले पाहिजेत. ती अट माझी नव्हती. बारावीनंतरच्या सुट्टीत दादाने मला जामखेडच्या बाजारतळावर गाडी शिकवली होती. तेव्हा तो म्हणाला होता, “दोन्ही पाय टेकल्याबिगर गाडी आपली न्हाई. ध्यानात ठेव.” मी ध्यानात ठेवलं.

नगरला पहिलीच गाडी पाहिली ती निळी होती. विक्रीवाला मुलगा यजमानांशीच बोलत राहिला. सरांना मायलेज किती हवं, सर रोज किती चालवणार. गाडी मला हवी आहे असं मी म्हटल्यावर तो फार नम्रपणे म्हणाला, “मॅडम, स्कूटर वरच्या मजल्यावर आहेत.” यजमान हसू दाबत बाहेर चहाला गेले. मी त्या निळ्या गाडीवर बसले. हात नीट पोचत होते, वजन अंगावर येत नव्हतं, आसन पुढे छान निमुळतं होतं. पण खाली फक्त चवडे लागले. टाचा अधांतरी. मी उतरले आणि त्या नावावर काट मारली.

मग नाशिक झालं, पुणे झालं. एक गाडी इतकी जड निघाली की सरळ उभी करतानाच माझा खांदा भरून आला. एका गाडीवर पाय दोन्ही टेकले, पण ती लोळत चालवायची गाडी होती, पाय पुढे पसरून. वळणावर तिला आधी विनंती करावी लागे. राहात्याला एका पेरूच्या बागायतदाराकडे त्याने स्वतःसाठी खाली करून घेतलेली गाडी होती. तोही माझ्याच मापाचा, गाडी मोठ्या प्रेमाने दाखवत होता. दोन्ही पाय अगदी मस्त टेकले. चालवून पाहिली तर प्रत्येक गतिरोधकावर पोट घासायचं. तो म्हणाला, “ताई, आवाज येतो फक्त. होत काही नाही.” मी त्यावरही काट मारली. गाड्या बदलत होत्या, नवीन येत होत्या, मीही नवीन रकाना वाढवत होते. पाऊस आला की म्हणायचे, आता कोरडं झाल्यावर बघू. उन्हाळा आला की थिएटरमधल्या दोघी रजेवर जायच्या.

दादा फोनवर विचारायचा, “मोजनी कुठवर आली?”

मी सांगायचे, अमुक खोडली, तमुक राहिली.

“बरं. घाई करू नको. घाईत मोजनी चुकली की पुन्हा पोटहिश्श्याला भांडत बसावं लागतं.”

हे तो नेहमी म्हणायचा. मला त्याचा आधार वाटे. आम्ही दोघंही मोजूनमापून पाऊल टाकणारी माणसं, तो समजून घेतोय असं वाटे. मधल्या काळात त्याचं रविवारी मोटरसायकलने येणं बंद झालं आणि तो एसटीने येऊ लागला. उन्हाचा त्रास होतो म्हणाला. एकदा आमच्याकडे जेवताना त्याच्या कोपराने शेजारचा पाण्याचा तांब्या कलंडला. दुसऱ्यांदा चहाचा कप. “हाताला वळन राह्यलं न्हाई,” म्हणून त्याने स्वतःच फडकं घेतलं. मी नर्स आहे. कप डाव्या बाजूला होता आणि तांब्याही डाव्या बाजूलाच, हे मी पाहिलं होतं. पाहिलं आणि फरशी पुसली.

मग एके दिवशी नाशिक–पुणे रस्त्यावरच्या पंपावर मी स्कूटरमध्ये पेट्रोल भरायला थांबले होते. पुढे एक उंच मोटरसायकल उभी होती. चालवणाऱ्याने हेल्मेट काढलं तर बाई. माझ्याच वयाची असेल, आणि उंचीला माझ्यापेक्षा जेमतेम दोन बोटं जास्त. मी रांग सोडून तिच्यापाशी गेले.

“तुमचे पाय टेकतात?”

“एक टेकतो.”

“आणि दुसरा?”

“तो ब्रेकवर.” ती माझ्याकडे बघून हसली. “एका वेळी लागतात किती? घोड्यावर बसणाऱ्याचे कुठे दोन्ही टेकतात?”

तिने तिथेच दाखवलं. थांबण्याआधी आसनावर किंचित डावीकडे सरकायचं, अर्धी बैठक सोडून द्यायची, मग डावा पाय टाचेपर्यंत टेकतो. उजवा ब्रेकवर राहतो. गाडी जरा डावीकडे कलते, कलू द्यायची. “पडायची भीती वाटत असेल तर पडून घ्या एकदा. मी चार वेळा पडले. चारही वेळा उभ्या गाडीवरून,” ती म्हणाली. कुठे निघाली म्हणून विचारलं तर म्हणाली, सासूबाईंना भेटायला. मागच्या माणसाने हॉर्न वाजवला तशी ती हेल्मेट चढवून निघून गेली.

पुढच्या रविवारी मी नगरला त्याच दुकानात गेले. विक्रीवाला मुलगा दुसरा होता. निळ्या रंगात ती गाडी आता येत नव्हती, करडी होती. बाकी तीच, तेच आसन, तीच उंची. मी बसले, डावीकडे सरकले, डावा पाय टाचेपर्यंत खाली गेला. दुकानाबाहेर एक फेरी मारून आले. जी गाडी मी सगळ्यात आधी पाहिली होती आणि सगळ्यात आधी खोडली होती, ती मी त्या दिवशी नक्की केली. मध्ये तीन उन्हाळे गेले होते.

गाडी हातात बसेपर्यंत मी संगमनेरच्या आसपास चालवली. मग दादाला फोन केला की दाखवायला येते. बरोबर कोकणाचा रस्ताही कागदावर उतरवून घेतला होता, मुक्काम, पंप, जेट्या सगळं. तो म्हणाला, “ये. सावकाश ये.”

नगर, आष्टी करत मी सकाळी जामखेडला पोचले. तो फाटकातच उभा होता. मी बाजूने गाडी आत घेतली तरी तो रस्त्याकडेच बघत होता. अगदी समोर आले तेव्हा त्याचा चेहरा फुलला. वहिनी पाणी घेऊन आल्या. दादाने गाडीभोवती फेरी मारली, टाकीवरून हात फिरवला, मग उकिडवा बसला आणि जमिनीपासून आसनापर्यंत विती टाकल्या.

“साडेतीन वीत. तरी टेकत्यात?”

“एकच टेकतो, दादा.”

“आन दुसरा?”

“ब्रेकवर असतो.”

“मी तर तुला दोन्ही म्हनलो हुतो.”

“तू म्हणाला होतास म्हणून तर तीन वर्षं गेली.”

तो हसायला लागला. “आगं, ते तवाचं. तू सतरा वर्षांची आन गाडी माझी. नवी कोरी. पाडली आस्तीस तर आण्णांनी मला बडवलं आस्तं. गाडी वाचवायला म्हनलो हुतो मी.”

मीही हसले. हसता हसता पडवीकडे लक्ष गेलं. जिथे त्याची गाडी उभी असायची तिथे ज्वारीची पोती रचली होती.

“तुझी गाडी कुठंय?”

“दिली. हापिसातल्या एका पोराला.”

“का?”

“गुडघा धरतोय.”

“गुडघा न्हाई,” वहिनी म्हणाल्या. “डोळे.”

दादाने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्या गाडीच्या मागच्या चाकातली हवा अंगठ्याने दाबून बघत बसला. वहिनी मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. भाकरी थापता थापता त्यांनी सांगितलं. काचबिंदू. लक्षात आलं तेव्हाच बाजूचं बरंच दिसायचं गेलं होतं. समोरचं दिसतं, पण नळीतून बघावं तेवढंच. थेंब रोज घालतात. नगरच्या डॉक्टरांनी आधी सांभाळून चालवा म्हणून सांगितलं, मग पुढच्या तपासणीत गाडी बंदच केली.

“आणि मला कोणी बोललं नाही?”

“ते नको म्हनले. म्हनले, तिला कळलं तर घाईघाईनं कसलीबी गाडी घील आन कुठंतरी पडंल. तिची तिला नीट निवडू द्या.” वहिनींनी भाकरी तव्यावर टाकली. “मी म्हनलं, आवो पर तवर तुमचं काय? तर म्हनले, मोजनी चालू हाय तिची, मधी बोलू नये.”

आधी सांभाळून चालवा आणि मग बंद, या दोन तपासण्यांच्या मध्ये एक आख्खा हिवाळा होता. मी तो मनात शोधला. त्या हिवाळ्यात मी पुण्यात दोन गाड्या पाहिल्या होत्या आणि दोन्हींमध्ये आरशांच्या जागेवरून मला शंका होती. कोकणातला रस्ता हिवाळ्यात सगळ्यात चांगला असतो. सावकाश गेलो असतो, तो पुढे आणि मी मागे, किंवा उलटं. त्याने एक शब्द टाकला असता तर मी त्या आठवड्यात निळी गाडी उचलली असती. आणि त्याने तो टाकला नाही, कारण त्याला माझी पद्धत माहीत होती आणि तो तिला मान देत होता. याचा राग कोणावर काढायचा हे मला अजून नीट सापडलेलं नाही.

संध्याकाळी गल्लीच्या टोकाच्या विहारात गाडी नेली. आमच्यात चाकाखाली लिंबू वगैरे ठेवत नाहीत. मेणबत्ती लावली, त्रिशरण-पंचशील म्हटलं, आल्यागेल्यांना पेढे दिले. दादा सगळा वेळ मागच्या कॅरिअरवर हात ठेवून उभा होता. शेजारच्या काकूंनी विचारलं, “भावानं घेऊन दिली का?” तो म्हणाला, “तिनंच घेतली. मी निस्ता हद्दीला हजर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला म्हटलं, मागे बस, खर्ड्याच्या रस्त्याने फिरून येऊ. तो नको म्हणेल असं वाटलं होतं. जन्मभर पुढे बसलेला माणूस. त्याने चप्पल काढून बूट घातले. वहिनींनी हेल्मेटचा पट्टा लावून दिला आणि म्हणाल्या, “ताई, सांभाळून. एकच हाय माझ्याकडं.”

त्याने लांब पाय सहज टाकला आणि तो बसला तशी गाडी चांगलीच खाली दबली. गावाबाहेर पडल्यावर थोड्या वेळाने मागून आवाज आला, “बारके, तू बुटकी हायेस ते लई बेस झालं.”

“का?”

“मला समोरचं तेवढं दिसतंय. आन समोर तुझं डोस्कं यायला पायजे हुतं. पर ते खालीच ऱ्हातंय. सगळा रस्ता दिसायलाय.”

अशा गाड्यांचं मागचं आसन पुढच्यापेक्षा बरंच उंच असतं. मला तो दोषच वाटत आला होता. आता तो माझ्या हेल्मेटवरून पुढचा रस्ता बघत होता आणि बोलत होता. हे वळण फसवं हाय. तिथं गिअर उतरव. पुढं पुलाआधी खड्डा हुता, आता बुजवलेला दिसतोय. या शिवारात दोन वर्षं मोजणी अडली हुती, एका बांधापायी. मी गिअर उतरवत होते, चढवत होते. ही माझ्या कल्पनेतली सफर नव्हती. तरी त्या दहा-बारा मैलांत मी पूर्ण सुखात होते, हे खोटं नाही.

मग समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या जोडलेला, उसाचे शेंडे रस्ताभर झोडपत. मी कडेला घेऊन थांबले. सवयीप्रमाणे डावीकडे सरकले, डावा पाय खाली टाकला आणि पायाला जमीन लागलीच नाही. डांबराच्या कडेला साइडपट्टी वीतभर खचली होती. या सगळ्या वर्षांत मी गाड्यांवर बसून पाहिलं ते दुकानांच्या गुळगुळीत फरश्यांवर. आपल्याकडचे रस्ते कडेला असे तुटलेले असतात, हा रकाना माझ्या कागदावर नव्हता. गाडी कलायला लागली. मी हँडल घट्ट धरलं, आणि गाडी कललेली तशीच थांबली. खाली पाहिलं तर दादाचे दोन्ही बूट जमिनीवर होते. एक डांबरावर, एक खाली पट्टीत.

“घे, सरळ कर,” तो म्हणाला. “मी हाय.”

ट्रॅक्टर गेला. धूळ बसली. मी गाडी सरळ केली आणि आम्ही निघालो. पण फार पुढे गेलो नाही. थोड्या वेळाने त्याने माझ्या खांद्यावर दोनदा थोपटलं. थांबले तर त्याला उतरताच येईना. मागच्या माणसाचे पाय ठेवायच्या खुंट्या अशा गाड्यांना फार वर असतात, वळणावर रस्त्याला लागू नयेत म्हणून. माझ्यासारखीला ठीक. दादाचे गुडघे कोपरांपर्यंत आले होते आणि तिथेच आखडले होते. एका बाभळीला धरून त्याने एकेक पाय खाली घेतला आणि बराच वेळ तसाच वाकून उभा राहिला. आदल्या दिवशी गुडघ्याचं निमित्त सांगणाऱ्याचा गुडघा आता खरोखर गेला होता.

“म्हनलो हुतो ना, गुडघा धरतोय,” तो म्हणाला.

मी पाण्याची बाटली दिली. थोडं थांबून विचारलं, “दादा, कोकण?”

“असा बसून? हितंच ही गत. मालवनला मला पोत्यात घालून उतरवावं लागंल.”

“मधे मधे थांबत जाऊ.”

“किती येळा? दर हद्दीच्या दगडाला?” तो पाय झाडत म्हणाला. “तू एकटी जा की. कागद केलायस. गाडी झ्याक हाय. तुझ्या हातात बसलीय.”

“एकटीने जायचं नव्हतं.”

“ते मला म्हाईत हाय,” तो म्हणाला, आणि झाकण लावून त्याने बाटली मला परत दिली. परतताना तो रस्त्याबद्दल बोलला नाही. मध्ये एकदा त्याने विचारलं, डाव्या अंगाला काय पेरलंय. मी म्हटलं, तूर. त्याने पुढे विचारलं, उंची कशी हाय. मी म्हटलं, कमरेला लागेल.

“तुझ्या का माझ्या?”

“माझ्या.”

“मग पाऊस कमी झाला,” तो म्हणाला.

याला आता वर्ष होत आलं. गाडी रोज रुग्णालयात जाते. वजन झेपतं, हात पोचतात, साइड स्टँड एका झटक्यात निघतो. तुटलेल्या कडेला थांबायचं असेल तर मी आता उजवीकडे सरकून उजवा पाय टाकते, तेही जमलं. मी दोनदा रजा मांडली आणि दोनदा दुसरीला देऊन टाकली. एकटीने लांब जायला माझ्या उंचीला याहून चांगली गाडी मिळणार नाही. मी ती तशीच निवडली होती. आसनाच्या मागच्या अर्ध्या भागासाठी माझ्या कागदावर एकही रकाना नव्हता.

महिन्यातून एका रविवारी जामखेडला जाते. आम्ही खर्ड्याच्या रस्त्याला लागतो, दादाचे गुडघे सांगतील तिथपर्यंत जातो, उतरतो, पाय मोकळे करतो, परत येतो. मागच्या वेळी त्याने हेल्मेट घालता घालता विचारलं, “गेलीस का न्हाई कोकणात?”

“नाही.”

“का?”

“रजा नाही मिळाली.”

“खोटं बोलायलीस.”

“व्हय,” मी म्हणाले.

त्याने पट्टा चाचपून लावला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पाय टाकून मागे बसला. “चल मग,” तो म्हणाला, “ऊन व्हायच्या आत.”